दोन बुरुजांमधला तुकडा

खंदक सापडत नाही, असं मोजणीवाली म्हणाली तेव्हा मला आधी हसूच आलं. किल्ली सापडत नाही, चष्मा सापडत नाही, हे मी समजू शकते. पण खंदक? घोडा स्वारासकट बुडेल एवढा खोल, सगळ्या शहराला वेढून बसलेला खंदक काय कुणी खिशात घालून नेणार आहे?

"नीट बघा," मी वरून म्हटलं. "इथेच असणार."

"नीटच बघतेय." मोजणीवाली माझ्या बहिणीच्या अंगणात खणलेल्या चरात उभी होती. तिचं डोकं आणि हातातली खुरपी एवढंच वर दिसत होतं. "बुजवलेला खंदक असला की काळा, मऊ गाळ लागतो. कुजलेला पाला, शिंपले, लोकांनी टाकलेला कचरा. इथे काय लागतंय माहितीये? फरशी. आणि फरशीवर चूल."

"चूल?"

"चूल. राख आहे अजून तिच्यात."

माझी धाकटी बहीण शेजारी उभी होती, दोन्ही हात रंगाने कोपरापर्यंत निळे. ती त्या चुलीकडे बघत राहिली. ती मुळातच कमी बोलते. घरातलं बोलणं वाटताना हिच्या वाटचंही थोरलीनेच उचललं, असं आई म्हणायची.

थोरली म्हणजे मी. मी या शहरातली तटबाई. कागदोपत्री मार्गदर्शक म्हणतात, पण फळवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळे तटबाईच म्हणतात. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना तटावर चढवायचं, बुरूज दाखवायचे, वेशीचा दरवाजा दाखवायचा आणि शेवटी खंदकाच्या काठावर उभं करून सांगायचं, की या शहरात शत्रूचा पाय कधी पडला नाही. वेढा पडला होता. तो वर्षानुवर्षं चालला. आणि मग एके दिवशी वेढा संपला. इथे मी जराशी थांबते. लोक टाळ्या वाजवतात. माझा आवाज चांगला आहे.

या खंदकाचं काम सध्या जोरात चालू होतं. कधीकाळी बुजलेला खंदक पुन्हा उकरायचा, त्यात पाणी सोडायचं, होड्या फिरवायच्या, अशी योजना. जुना खंदक नेमका कुठून गेला ते शोधून द्यायचं काम मोजणीवालीचं. मोठ्या वेशीपाशी पाणी आलंही होतं. शहराभोवतीचा फेरा पुरा व्हायला एकच तुकडा राहिला होता, आमच्याकडच्या दोन बुरुजांमधला. आता हा तुकडा नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. या तुकड्याच्या आतल्या अंगाला माझं घर आणि शेजारी एक बंद पडलेलं गोदाम. बाहेरच्या अंगाला माझ्या बहिणीचं घर आणि तिच्या नवऱ्याचा कापड रंगवायचा रंगारखाना. आम्हा दोघींच्या घरांची पाठभिंत एकच, आणि ती म्हणजे शहराचा तट.

बहीण माझ्याबरोबर आमच्या घरातच वाढली. मग रंगाऱ्याशी लग्न करून तटाबाहेर गेली. भिंतीपलीकडे गेली म्हटलं तरी चालेल, पण भिंत तटाची. तिच्याकडे जायचं तर वेशीपर्यंत चालत जाऊन भलामोठा वळसा घालावा लागतो. आमच्या शहरात 'आतले' आणि 'बाहेरचे' हे प्रकरण फार आहे. आतले म्हणजे मूळचे. बाहेरचे म्हणजे मागाहून येऊन तटाला चिकटलेले. भांडण पेटलं की आतला बाहेरच्याला "खंदकातला" म्हणतो, आणि मग मात्र मारामारीच होते. माझं लग्न झालं नाही. त्याला कारणं पुष्कळ आहेत, त्यातलं सगळ्यात मोठं मी स्वतः. म्हणून मी आतच राहिले, आणि खरं सांगते, मला त्याचा तोरा होता.

खंदक नेहमी बाहेर असतो. तेव्हा घर जाणार ते बहिणीचं, यात कुणालाच शंका नव्हती. तिला नोटीस आली तेव्हा मी मोठ्या मनाने म्हटलं, "काळजी कसली करतेस? माझ्याकडे या दोघं. वरची खोली मोकळीच आहे." रंगाऱ्याच्या हंड्या-पिंपं कुठे मावायची, यावर मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "बघू."

आणि आता खंदकाचाच पत्ता नव्हता.

दुपारी खंदकसाहेब आले. हे योजनेचे इंजिनिअर. त्यांचं खरं आडनाव त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनाही आठवत नसावं. चराच्या काठावर उभं राहून त्यांनी चुलीकडे असं बघितलं, जशी काही ती मोजणीवालीनेच मुद्दाम मांडली होती.

"खंदकात चूल कशी येईल?"

"तेच सांगतेय. हा खंदक नाहीच. इथे घरं होती. तटाइतकी जुनी. कदाचित जास्तच."

"तटाबाहेर घरं? वेढा पडला तर तीच पहिली जळणार. एवढे खुळे होते का ते लोक?"

"मला काय माहीत?"

"मग खंदक कुठेय?"

"तेही माहीत नाही."

खंदकसाहेबांनी नकाशा उघडला. एकदा असा धरला, एकदा तसा धरला. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही तर रोज सांगता."

मी तोंड उघडलं. एरवी माझ्या तोंडून तट, बुरूज, खंदक असं धडाधड बाहेर पडतं. त्या दिवशी एकच वाक्य निघालं. "खंदक बाहेर असतो."

"झालं तर मग! हे बाहेर आहे की नाही? नकाशावर रेघ इथून गेलीय. खंदक सापडला तर छानच, नाही सापडला तर रेघेवर नवा खणू. पाण्याला काय कळतंय?"

"जुना खंदक उघडायची योजना आहे," मोजणीवाली चरातून वर येत म्हणाली. तिच्या कपाळावर माती आणि आठी दोन्ही होत्या. "खोटा खणायची नाही. इथे नव्हता एवढं मी लिहून देईन."

"द्या की! पण मग कुठे होता तेही दाखवा. उद्या दिवसभरात दाखवा. परवा यंत्र येतंय."

साहेब गेले. मोजणीवाली बहिणीला म्हणाली, "उद्या दुपारी तुमच्या घरात येऊन तटाची भिंत जरा आतून बघू का? बाकी सगळीकडे बघून झालं माझं."

"या," बहीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे पाहुण्यांचा एक घोळका होता. मी त्यांना मोठ्या वेशीजवळच्या बुरुजावर नेलं आणि नेहमीप्रमाणे जंगी दाखवली. जंगी म्हणजे तटातलं भोक, बाण किंवा बंदूक मारायला ठेवलेलं. "बघा, बाहेरच्या बाजूला ही अरुंद असते, नुसती चीर. आतल्या बाजूला रुंद, म्हणजे आपल्या शिपायाला नीट उभं राहता येतं. आणि तिचा तळ बाहेरच्या अंगाला उतरता असतो, कारण शत्रू खाली असतो." हे मी इतक्या वेळा सांगितलंय की सांगताना संध्याकाळी भाजी कोणती करायची ते ठरवू शकते.

पण त्या दिवशी डोक्यात ती चूल होती. 'आत' म्हणताना माझा हात बाहेर गेला, 'बाहेर' म्हणताना आत. पाहुण्यांच्या माना माझ्या हाताबरोबर इकडून तिकडे फिरत होत्या. शेवटी खंदकाच्या काठावर येऊन मी वेढा संपवला आणि टाळ्यांसाठी थांबले, तर एक छत्रीवाल्या बाई म्हणाल्या, "वेढा संपला म्हणजे नेमकं काय झालं? शत्रू परत गेला?"

"गेलाच असणार."

"असणार म्हणजे? कुठे गेला?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. "घरी गेला असेल हो," मी म्हटलं. लोक हसले, टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. मी वैतागून घरी आले.

घरी येऊन चहा टाकला. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत तटाची आहे. त्या भिंतीत एक उभी चीर आहे, हातभर उंच आणि जेमतेम तळहात शिरेल एवढी रुंद. वीतभर आत कुणीतरी दगड भरून ती बंद केलीय. तिचा दुसरा काही उपयोग नाही म्हणून आई तिच्यात उलथनी आणि पळ्या उभ्या करायची, मीही करते. त्यांना एक खोड आहे. त्या चिरेत राहत नाहीत, घसरून बाहेर येतात. आईने आयुष्यभर त्या गवंड्याला शिव्या घातल्या. मी एक जुनं फडकं घडी करून समोर कोंबून ठेवते. त्या दिवशी फडकं धुवायला काढलं होतं. पातेल्यात साखर घालत होते तेवढ्यात मोठी पळी घसरली आणि स्टोव्हवरून माझ्या पायावर पडली.

मी किंचाळले. मग पळी उचलून पुन्हा आत ठेवायला गेले आणि हात तसाच थांबला. अरुंद. तळ उतरता. उतार माझ्याकडे.

हे मी रोज सांगते. रोज! पोट त्याच्यावर चालतं माझं. आणि ज्या भोकात मी पळ्या ठेवत होते, ते जंगीचं बाहेरचं तोंड होतं. शिपाई पलीकडे उभा राहायचा, माझ्या बहिणीच्या घरात. शत्रू उभा असायचा तिथे माझा स्टोव्ह होता.

चहा उतू गेला. मी स्टोव्ह बंद केला आणि टेबलापाशी बसले. डोकं चालेना, म्हणून एक ताटली घेतली, ती जुनं गाव. तिच्या कडेला वाटी ठेवली, ती मी. जंग्या वाटीकडे रोखलेल्या, म्हणजे गाव बहिणीकडे. तिच्या अंगणातली चूल, फरशी, सगळं त्या गावातलं. आणि खंदक बाहेर असतो. बाहेर म्हणजे मग वाटीकडे. मी खाली बघितलं. आमच्या स्वयंपाकघराची जमीन बारा महिने ओली असते. पोतं टाकावं तर पोत्याला बुरशी येते. 'राजाच्या वेळचा हौद असेल खाली,' असं मी पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत असे. बहिणीचं घर मात्र खडखडीत कोरडं. तिच्याकडे पापुद्रासुद्धा सुटत नाही भिंतीचा.

मग वेढा? मी वाटी ताटलीभोवती फिरवली. वेढा घालणारा आधी काय करतो, तर खंदक बुजवतो. हेही मीच सांगते. त्यांनी तो बुजवला असणार. मग तळ टाकला, आणि वेढा लांबला तसं तंबूंच्या जागी घरं बांधली, विहिरी खणल्या. त्यांना मुलंबाळं झाली असतील. पलीकडचं गाव उपासमारीने नाहीतर पळापळीने रिकामं झालं. शत्रूला आत जायची गरजच उरली नाही. पुढे त्यांचंच मोठं शहर झालं, त्यांनी नवा तट बांधला, त्याभोवती नवा खंदक खणला आणि जुन्या गावाच्या दोन बुरुजांमधला हा एक तुकडा आयता मिळाला तसा जोडून घेतला. उलटाच. छत्रीवाल्या बाईंना उत्तर मिळालं होतं. शत्रू कुठेच गेला नव्हता, तो पाय चोळत स्वयंपाकघरात बसला होता.

की हे सगळं माझंच डोकं फिरल्यामुळे दिसत होतं? एखादी जंगी गवंड्याने चुकून उलटी बसवली असेल. ओल कुठेही येते. मी ताटली उलटी करून बघितली, वाटी पलीकडे ठेवून बघितली. जेवढं फिरवावं तेवढं आत-बाहेर आणखीच गोल फिरायला लागलं. एक गोष्ट मात्र कितीही फिरवली तरी तशीच राहत होती. हे मोजणीवालीला सांगितलं तर माझं घर जाणार, आणि गप्प राहिले तर बहिणीचं.

मी गप्प राहायचं ठरवलं. लपवून काय करू? या घरात मी जन्मले. दुसऱ्या कुठल्या छताखाली मला झोप लागत नाही. बहिणीला जायचंच होतं, तिने मनाची तयारी केलेली होती, वरची खोली होतीच. एवढं ठरवूनही मला बसवेना. तिच्या भिंतीतला बरण्यांचा रुंद कोनाडा माझ्या चिरेच्या नेमका पाठीमागे नसेल तर माझी जंगी म्हणजे नुसती भेग, आणि मी सुटले. मला तेवढं बघायचं होतं. मी चपला घातल्या आणि वेशीकडे निघाले.

रंगारी अंगणात पिंपं रिकामी करत होता. "आत आहे ती," तो म्हणाला, "आणि आज तिला काही विचारू नका ताई, सकाळपासून बिनसलंय."

मी मागच्या खोलीत गेले. बहीण स्टुलावर चढून तटाच्या भिंतीला चुन्याचा गिलावा करत होती. सगळी भिंत ओली, सपाट आणि पांढरी. कोपऱ्यात तिच्या रंगाच्या बरण्या जमिनीवर ओळीने काढून ठेवल्या होत्या. एरवी त्या बरण्या भिंतीत असतात. कपाटासारख्या खोल, रुंद जागेत. मी ती हजारदा बघितलीय, तिचा हेवासुद्धा केलाय, की हिच्या भिंतीत एवढं मावतं आणि माझ्या भिंतीत पळीही राहत नाही.

"पाडायच्या घराला कुणी गिलावा करतं का, वेडे?" मी म्हटलं.

ती दचकली नाही. थापी फिरवत राहिली. "मोजणीवाली येणार आहे ना भिंत बघायला."

"मग?"

"मग तिला दिसायला नको."

"तुला कधी कळलं?"

"चरात चूल लागली तेव्हा." ती स्टुलावरून उतरली. "लहानपणी उलथनी पडायची ती मीच उचलायचे. तू टेबलाच्या त्या बाजूला बसायचीस. आणि लग्न होऊन इकडे आले, तर इथे तेच भोक मागून. तेव्हा काही वाटलं नाही. काल चूल बघितली आणि वाटलं, अरे! मी दोन्हीकडे राहिलेय ताई. तू एकाच बाजूला राहिलीस."

"आणि तू मला बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? तुझं घर खंदकात आहे म्हणून?"

मला राग आला. कशाचा ते अजून नीट सांगता येत नाही. तिने माझ्यावर उपकार करायचा घाट घातला होता आणि तोही मला न विचारता. "तू तुझं घर घालवून माझं वाचवणार? मोठी आलीस दानशूर! नवऱ्याला विचारलंस?"

"तो म्हणतो, पाणी मिळालं की कुठेही रंगवेन."

"आणि तू?"

"मी एकदा घर सोडलंय," ती म्हणाली. "मला येतं ते. पहिले महिना-दोन महिने रडू येतं, मग नाही येत. तुला नाही जमणार. तू चार दिवस पाहुणी म्हणून आलीस तरी तिसऱ्या दिवशी तोंड एवढंसं होतं तुझं."

हे खरं होतं, म्हणून मला आणखीच झोंबलं. मी काहीतरी लागेल असं बोलणार होते. तेवढ्यात अंगणातून मोजणीवालीचा आवाज आला आणि ती आत आलीच. बुटांवर चराची माती, हातात टेप. ती दारातच थांबली.

"गिलावा?"

"ओल आली होती," बहीण म्हणाली.

"या घरात? चरात एवढी खोल गेले, पाण्याचा टिपूस नाही लागला मला." मोजणीवालीने भिंतीकडे बघितलं, मग जमिनीवरच्या बरण्यांकडे, मग आमच्या दोघींच्या तोंडाकडे. तिला काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. माझीही तीच गत होती. "ओला गिलावा मी खरवडू शकत नाही. तुमचं घर आहे. पण मग माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. उद्या यंत्र इथे लागेल."

"लागू दे," बहीण म्हणाली. तिने माझं मनगट धरलं आणि दाबलं. गप्प बस, असं. आई पाहुण्यांसमोर दाबायची तसंच, तितक्याच जोरात. तिचा हात चुन्याने खरखरीत झाला होता. त्याखालून निळा रंग दिसत होता. मी ठरवलं होतं, गप्प राहायचं. पण मी ठरवलं होतं ते माझ्यासाठी. तीही माझ्यासाठीच गप्प होती. मग तिच्यासाठी कोण बोलणार, हे मला कळेना. खोलीत आम्ही तिघीच होतो.

"हिच्या भिंतीत काही बघू नका," मी म्हणाले. "माझ्या स्वयंपाकघरात जा. तिथे जंगी आहे. बाहेरचं तोंड."

"ताई!"

"बाहेरचं तोंड आत कसं असेल?" मोजणीवाली म्हणाली.

"आत नाही. ते बाहेर आहे. आत हे आहे. म्हणजे जिथे आपण उभ्या आहोत ते." मी हात हलवत होते आणि सकाळच्या पाहुण्यांसारखी तिची मान इकडून तिकडे फिरत होती. "खंदक माझ्या घराखाली आहे. जमीन खणा, गाळ लागेल. तो वेढा घालणाऱ्यांनी बुजवला आणि वर घरं बांधली. आम्ही त्यांच्यातले."

मोजणीवालीने पुन्हा बरण्यांकडे बघितलं. मग तिच्या तोंडावर हळूहळू उजाडायला लागलं. लगेच ते मावळलंही. "बाई, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना? मी हे लिहून दिलं तर तुमचं घर..."

"नाही कळत. मला सकाळपासून काही म्हणजे काही कळत नाहीये. आत कुठलं, बाहेर कुठलं, मूळचे कोण, मागाहून आलेले कोण, सगळा सावळागोंधळ आहे. पण जंगी माझ्या स्टोव्हवर रोखलेली आहे. तेवढं जाऊन बघा." मी किल्ली काढून तिच्या हातात दिली. "आणि जपून, जमीन ओली आहे."

ती गेली. घाईने गेली, जाताना टेप विसरून गेली. बाहेर रंगाऱ्याने पिंप ठेवल्याचा आवाज आला आणि मग तोही थांबला.

बहीण जमिनीवर बरण्यांच्या शेजारी बसली होती. तिच्याकडे बघायचा मला धीर होईना. मला वाटलं होतं, ती निदान गळ्यात पडेल. घर वाचलं होतं तिचं.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" ती म्हणाली.

"खोट्या खंदकासाठी तुझं घर पाडलं असतं."

"पाडू दे की! मी दुसरं केलं असतं घर. बाई घर करतेच." तिचा आवाज फाटला. "तुझं नुसतं घर होतं गं ते. माझं माहेर होतं."

मला माहेर कधी नव्हतंच, मी ते घर कधी सोडलंच नाही. ती सणासमारंभाला नाही, कारणाशिवाय यायची, दुपारची, एवढा वळसा घालून. यायची आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून एक कप चहा प्यायची आणि जायची. मला वाटायचं, ही मला भेटायला येते. यायची मला भेटायलाच, पण मला एकटीला नाही.

"मी जिथे असेन तिथे येत जा," मी म्हटलं.

"तू कुठे असशील?"

"माहीत नाही."

ती रडायला लागली. लग्नात निघताना रडली होती, त्यानंतर मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. ओला गिलावा साडीला लागला, तरी तशीच बसले. आता मलाही रडू फुटलं होतं, आणि कुणी कुणाची समजूत काढायची हे आम्हा दोघींनाही कळेना.